सात, यू, जे, एम

राजाध्यक्ष सरांनी लॅपटॉपची काळी बॅग टेबलावरून पुढे सरकवली आणि क्षिप्राकडे न बघताच म्हणाले, "तुझ्यामुळे बिघडलाय, तूच दुरुस्त करून आण. वाशीला सेक्टर सतरामध्ये धर्मराजचं दुकान आहे. बसमध्ये बॅग मांडीवर ठेव, खाली ठेवू नकोस. आणि जुना पार्ट परत आणायचा. हे लोक बदलला म्हणून सांगतात आणि आत तोच ठेवतात."

"हो सर."

"शनिवारी कारणसभेत तुझीच पाळी आहे. तयारी करून ये. सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचंय, तेव्हा रडारड नको."

क्षिप्रा खांबेटे रडणाऱ्यांतली नव्हती. राग आला की तिचा चेहरा उलट शांत व्हायचा आणि ती गोष्टी लक्षात ठेवायला लागायची. कोण काय बोललं, बोलताना कुठे उभं होतं, कोण हसलं आणि कोण हसू दाबून खाली बघत राहिलं. गेल्या काही दिवसांत तिने बरंच काही लक्षात ठेवलं होतं.

सत्त्याण्णव सालचा ऑक्टोबर होता. महाप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या या प्रयोगशाळेत ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचं सांडपाणी बाटल्यांतून तपासायला यायचं. क्षिप्रा रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन जूनमध्ये इथे शिकाऊ म्हणून लागली. ऑगस्टमध्ये प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ आला. पाण्यात मिसळलेली द्रावकं एकमेकांपासून वेगळी काढून दाखवणारं ते यंत्र काचेच्या खोलीत बसवलं गेलं, आणि सरांनी सगळ्यांना बोलावून जाहीर केलं की ते क्षिप्रा चालवील. तिने त्या यंत्राचं जाडजूड माहितीपुस्तक दोनदा वाचून काढलं. कॉलेजात तिने असलं यंत्र फक्त बाहेरून पाहिलं होतं, कारण आत जायला प्राध्यापकांची रांग असायची.

मग तो चहा झाला.

नामदेव, म्हणजे प्रयोगशाळेचा मदतनीस, त्या बुधवारी बँकेत गेला होता. सरांनी क्षिप्राला जाता जाता चहा आणून द्यायला सांगितलं. तिने कप सरांच्या डाव्या हाताला, उघड्या लॅपटॉपच्या शेजारी ठेवला, सरांनी फाइल ओढली, फाइलचा कोपरा कपाला लागला आणि कप कलंडला. चहा फाइलवर गेला, टेबलाच्या कडेवरून खाली गेला. तिने आपल्या रुमालाने पुसून घेतला. सर तेव्हा एवढंच म्हणाले, "राहू दे, राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी सगळ्यांना केबिनच्या दारात उभं केलं. लॅपटॉपची सात, यू, जे आणि एम ही बटणं मेली होती आणि एंटरचं बटण दाबलं की वरच येत नव्हतं. हा लॅपटॉप कंपनीच्या शेठनी सिंगापूरहून आणून सरांना दिलेला, अख्ख्या प्रयोगशाळेत एकच. "आत चहा गेला," सर म्हणाले. "शेठना मी कळवलंय, कोणी सांडला तेही. ज्या मुलीला एक कप धड ठेवता येत नाही, तिच्या हातात मी अठरा लाखांचं मशीन देऊ?" यंत्र विपुलला मिळालं. क्षिप्राची उमेदवारी आणखी सहा महिने लांबली आणि तिला बाटल्या धुण्याच्या टेबलावर बसवण्यात आलं.

विपुल तिच्याबरोबरच लागलेला, कोपरखैरण्यात राहणारा, मनाने वाईट नसलेला पण जिभेला लगाम नसलेला मुलगा. त्याने तिचं नाव 'चहा' ठेवलं. "चहा, जरा पिपेट दे गं." "चहा, आज अद्रक टाकलंय वाटतं, तोंड तिखट दिसतंय." दोन दिवसांत सगळेच तसं म्हणायला लागले. सर लॅपटॉपला टेबलावरच्या कॉम्प्युटरचा मोठा कीबोर्ड जोडून काम करत. मीटिंगला जाताना तो कीबोर्ड वायर गुंडाळून काखेत मारत, आणि वाटेत क्षिप्रा दिसली की तो मुद्दाम किंचित वर उचलत.

एवढं सगळं होऊनही तिला पहिले काही दिवस चूक आपलीच वाटत होती. फक्त एक गोष्ट तिच्या डोक्यात बसत नव्हती. कप डावीकडे होता. मेलेली बटणं उजवीकडे होती. सात, त्याच्या खाली यू, त्याच्या खाली जे, त्याच्या खाली एम, अशी एक तिरकी रांग. डावीकडचं एकही बटण बिघडलं नव्हतं. चहा सगळी डावी बाजू ओलांडून नेमका तिथेच जाऊन कसा बसला? तिने हे विपुलला विचारलं होतं. तो म्हणाला, "चहाला पण तुझ्यासारखी नको तिथे जायची सवय असेल."

धर्मराजच्या दुकानाच्या पाटीवर टाइपरायटर आणि कॅल्क्युलेटर जुन्या रंगात होते आणि कॉम्प्युटर नव्या रंगात. धर्मराज स्वतः काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवून एका रेडिओत नाक खुपसून बसला होता. बॅग बघितल्याबरोबर त्याने ओळखलं.

"राजाध्यक्ष साहेबांचा ना? द्या इकडं. चहा गेलाय ना याच्यात?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"साहेबच बोलले ना फोनवर, काल. आदी फोन केला तवा चहाचं नव्हते बोलले. तवा नुसतं, बटणं चिकटतात बोलले."

क्षिप्राने बॅगेची चेन अर्धी उघडली होती, ती तशीच राहिली. "आधी म्हणजे कधी?"

"दसऱ्याला ओ. दुकानाची पूजा चालू होती माझी. मी बोललो, साहेब, स्क्रू-ड्रायव्हर पूजेत मांडलाय, आज त्याला हात नाय लावत, उद्या आणा. तर बोलले, घाई नाही, एंटर चिकटतंय आणि दोनतीन बटणं अधूनमधून लागत नाहीत. मग आलेच नाहीत."

"दसऱ्यालाच? नक्की?"

"ताई, वर्षातनं एकच दिवस माझी हत्यारं हार घालून बसतात. तो दिवस चुकंल का माझा?"

दसरा शनिवारी झाला होता. चहा सांडला तो त्यानंतरच्या बुधवारी.

क्षिप्रा काउंटरसमोरच्या स्टुलावर बसली. आतापर्यंत तिच्या मनात होता तो नुसता राग, आणि त्यात निम्मा स्वतःवरचा होता. आता स्वतःवरचा निम्माही सरांच्या नावावर गेला. त्यांना माहीत होतं. कप कलंडला तेव्हा ते "राहू दे" म्हणाले होते, ते मायेने नव्हे. रात्रभरात त्यांना सुचलं असणार की जे शेठना सांगायला जड जात होतं, त्याला आता एक नाव मिळालंय.

"उघडा," ती म्हणाली.

"उघडायचं काय त्यात? स्प्रे मारतो, हवा मारतो. नाय झालं तर अख्खा कीबोर्ड मागवू."

"मला आत काय आहे ते बघायचंय. माझ्यासमोर उघडा."

धर्मराजने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि तिला नीट बघितलं. "रिपेअरिंगच्या लाइनमधल्या का तुमी?"

"नाही. मी कारखान्यांचं सांडपाणी तपासते."

"मग हाय. घाण बघायची सवय हाय तुमाला."

त्याने स्क्रू काढले, कीबोर्ड उचलून उलटा केला, चपट्या हत्याराने एंटरचं बटण हलकेच उपटलं. खाली रबराच्या छोट्या टोपीला चिकटून एक लालसर कण होता. धर्मराजने तो चिमट्याने उचलून उजेडात धरला आणि त्याचं पोट हलायला लागलं.

"आयला, ही तर अक्षता. लॅपटॉपचं लग्न लावलं काय साहेबांनी?"

क्षिप्रा हसली नाही. तिला आठवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा झाली होती. तराजू, पंप, भट्टी, नवा क्रोमॅटोग्राफ, सगळ्यांवर हळदकुंकू, अक्षता पडल्या. मधल्या टेबलावर पांढरी चादर अंथरून लॅपटॉप मांडला होता. शोभेसाठी उघडा, आणि चालू, कारण विपुलने पडद्यावर गणपती आणला होता. सरांनी झेंडूचं फूल नारळाच्या पाण्यात बुडवून एकेका यंत्रावर पाणी शिंपडलं. लॅपटॉपवर दोनदा. तेव्हा तीही हात जोडून उभी होती.

"पुढे उघडा," ती म्हणाली.

बटणांच्या खाली प्लास्टिकचे पातळ कागद एकावर एक होते आणि त्यांच्यावर चांदीच्या रंगाच्या बारीक रेषा काढलेल्या होत्या. धर्मराजने पेनाच्या टोकाने दाखवलं: बटण दाबलं की वरची रेष खालच्या रेषेला टेकते. सात, यू, जे आणि एम या चौघांची एक रेष सामाईक होती. त्या रेषेवर पिवळट, चिकट पापुद्रा साचला होता आणि त्याच्याखाली चांदी मधोमध खाल्ली गेली होती. क्षिप्राने वाकून वास घेतला. आंबूस, खोबऱ्याचा.

तिच्या डोक्यातलं सगळं एका सरळ रेषेत आलं. नारळाच्या पाण्यात साखर असते, क्षार असतात. लॅपटॉप बंद असता तर पाणी वाळून गेलं असतं आणि फार तर बटणं चिकट झाली असती. पण तो चालू होता, रेषेतून वीज वाहत होती, आणि ओल्या क्षारातून वीज वाहिली की चांदी झिजते. हे काम एका रात्रीचं नव्हतं. खंडेनवमीला सुरू झालं, बुधवार-गुरुवारपर्यंत पुरं झालं.

"दुसऱ्या एका मेलेल्या लॅपटॉपमधला कागद हाय माझ्याकडे, याच मॉडेलचा," धर्मराज म्हणाला. "तो बसवतो. चालंल मस्त."

"बसवा. हा जुना मला असाच हवाय. पुसायचा नाही, वाकवायचा नाही."

"जुना पार्ट तर देतोच मी. साहेबांचा तसा हुकूमच असतो." त्याने कागद आणि अक्षता प्लास्टिकच्या पिशवीत घातली. मग नवा कागद बसवून लॅपटॉप सुरू केला आणि तिच्याकडे वळवला. क्षिप्राने सात, यू, जे, एम ही चार बटणं पुन्हा पुन्हा दाबली. चारही अक्षरं पडद्यावर उमटत राहिली. एंटर टपकन खाली जाऊन टपकन वर आलं.

प्रयोगशाळेत परतल्यावर सरांनी बटणं दाबून बघितली. खूश झाले. "जुना पार्ट?"

"शनिवारी आणते सर. कारणसभेत दाखवायला लागेल ना."

"शाबास. शिकतेयस."

ती बाटल्यांच्या टेबलाकडे गेली. त्याच दुपारी केबिनचं दार लावून सरांना सगळं सांगता आलं असतं. सर गडबडले असते, सारवासारव केली असती, कदाचित यंत्रही परत दिलं असतं, आणि बाहेर सगळ्यांनी तिला चहा म्हणणं चालूच ठेवलं असतं. तिला ते नको होतं. तिला सरांचा चेहरा सगळ्यांच्या समोर हवा होता. तिने पापुद्र्याचे चार कण वेगळे काढून दोन कणांवर चाचण्या करून बघितल्या आणि दोन शनिवारसाठी ठेवले. काही करायच्या आधी ते नीट जमतं का हे पाहून ठेवायची तिची सवय होती. या कामात तर ती सवय तिला गोड वाटली.

कारणसभा ही सरांची पुण्याहून आणलेली वस्तू. प्रयोगशाळेला आयएसओचं सर्टिफिकेट हवं होतं, म्हणून सर एका शिबिराला गेले आणि तिथून एक पद्धत शिकून आले: काहीही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारायचं. शिकवणाऱ्याने म्हणे असं सांगितलं होतं की पाच वेळा विचारत गेलं की माणसापाशी न थांबता मुळापाशी पोचता येतं. सरांनी त्यातला माणसापाशी न थांबण्याचा भाग पुण्यातच ठेवला होता. त्यांच्या कारणसभेत पाचव्या 'का'च्या उत्तरात कुणाचं तरी नाव यायलाच लागे. ज्याचं नाव येई त्याने खडू हातात घेऊन फळ्यापाशी उभं राहायचं आणि 'यापुढे मी असं करीन' म्हणून सुधारणा मोठ्याने सांगायची. उरलेल्यांनी ऐकायचं. आत्तापर्यंत प्रत्येकजण एकदा तरी त्या खडूपाशी जाऊन आला होता, सर सोडून.

शनिवारी चार वाजता सगळे मधल्या टेबलाभोवती जमले. क्षिप्राने फळ्यावर एक ते पाच आकडे लिहिले. टेबलावर काचेच्या चकत्या, दोन ड्रॉपर आणि ती प्लास्टिकची पिशवी मांडली.

"अरे वा, चहाने पूर्ण सेट लावलाय," विपुल म्हणाला. "बिस्किटं राहिली."

"बस रे," सर हसत म्हणाले. "बोल क्षिप्रा. पहिला का."

"बटणं का बंद पडली? कारण चार बटणांची सामाईक रेष तुटली." तिने पिशवीतला कागद काढून खिडकीच्या उजेडात धरला. तुटलेली जागा सगळ्यांना दिसली. "दुसरा का. रेष का तुटली? कारण तिच्यावर ओलावा होता आणि त्यातून वीज जात होती. म्हणून चांदी खाल्ली गेली."

"बरोबर," सर म्हणाले. "चहाचा ओलावा."

"तिसरा का तोच आहे सर. ओलावा का आला, कसला आला." तिने एका चकतीवर चहापूड भिजवलेलं पाणी घेतलं आणि त्यात फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला. पाणी निळंकाळं झालं. "चहात टॅनिन असतं, लोखंडाच्या क्षाराने ते असं काळं पडतं." दुसऱ्या चकतीवर कागदावरच्या पापुद्र्याचा कण पाण्यात विरघळवला होता. त्यावर तोच थेंब. "हे काळं पडलं नाही. यात चहा नाही."

विपुल पुढे वाकला.

"आता धुण्याच्या सोड्याचं पाणी." तिने उरलेल्या पिवळ्या कणावर दुसऱ्या ड्रॉपरमधला थेंब सोडला. पिवळं लालभडक झालं. हे ओळखायला एम.एस्सी. लागत नव्हती. हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं, ते तिथे बसलेल्या प्रत्येकाने घरी पाहिलं होतं. मग तिने चिमट्याने अक्षता उचलून तिसऱ्या चकतीवर ठेवली. "ही एंटरच्या खाली होती."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, पण त्याच्या मागचं काहीतरी निघून गेलं होतं.

"चौथा का," क्षिप्रा म्हणाली. "हळद, अक्षता आणि नारळाचं पाणी लॅपटॉपमध्ये का गेलं? कारण खंडेनवमीला तो उघडा आणि चालू ठेवून त्याच्यावर पाणी शिंपडलं. आता पाचवा."

तिला वाटलं होतं, इथे ती नुसती थांबेल आणि शांतता आपलं काम करील. पण सर तिच्यापेक्षा चपळ निघाले.

"नामदेव," ते मान वळवून म्हणाले, "तुला मी किती वेळा सांगितलं, नारळ यंत्रापासून लांब फोडायचा म्हणून? एवढी वर्षं झाली, अजून समजत नाही? घे. खडू घे."

नामदेव दाराशी हाताची घडी घालून उभा होता. तो घणसोली गावातला, जमीन वसाहतीत गेल्यावर इथे चिकटलेला, आणि आयुष्यात कुणापुढे आवाज न चढवलेला माणूस. तो एक पाऊल पुढे आलासुद्धा. तिने इतक्या काळजीने उभा केलेला सापळा सरांनी एका वाक्यात दुसऱ्याच माणसाच्या पायाखाली सरकवला होता. खडू तिच्या हातात होता. तिने तो मागे घेतला.

"नामदेवदादा, नारळ कुठे फोडला होता?"

"भायेर, पायरीवं," नामदेव म्हणाला. "आत मीनी कदीच फोरत नाय. साहेबांनाच ठाव हाय."

"मग पाणी आत कसं आलं?"

नामदेवने सरांकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. "मीनी वाटी दिली साहेबांचे हातान. पानी साहेबांनीच शिंपरलं. फुलान. आनि खोटा कशाला बोलू, लॅपटॉपवं दोनदा शिंपरलं. मना वाटला, नवीन हाय म्हनून."

"हो, दोनदा," विपुल म्हणाला. बोलून गेल्यावर त्याने तोंड मिटलं, पण उशीर झाला होता.

क्षिप्रा सरांपर्यंत चालत गेली. खडू तिने तळहातावर ठेवला आणि हात पुढे केला. "सर, पाचव्याला नाव यायला लागतं. आणि ज्याचं नाव, सुधारणा त्यानेच सांगायची."

"हे बघ, पूजेत भक्तिभावाने…"

"नियम तुमचा आहे सर."

हात तसाच पुढे होता. एक क्षण तिला वाटलं, सर उठून केबिनमध्ये जातील. पण केबिन टेबलाच्या पलीकडे होती आणि तिथपर्यंत जायला सगळ्यांच्या मधून जावं लागलं असतं. त्यांनी खडू घेतला. फळ्यापाशी गेले. त्यांची पाठ दिसत होती.

"यापुढे लॅपटॉप बंद करून पूजेला ठेवावा," ते म्हणाले.

"'मी' म्हणायचं असतं सर. 'ठेवावा' चालत नाही. मला तुम्हीच शिकवलंत."

"यापुढे मी लॅपटॉप बंद करून ठेवीन. मी त्यावर पाणी शिंपडणार नाही."

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. बाकीच्यांना तर वाटलं, संपलं. खुर्च्या मागे सरकायला लागल्या. पण क्षिप्राला ही घटका इतक्या लवकर हातून जाऊ द्यायची नव्हती.

"नियम पाचाचा आहे, पण मला सहावा 'का' विचारायचाय," ती म्हणाली, आणि खुर्च्या थांबल्या. "बटणं दसऱ्यालाच अडकायला लागली होती. दसऱ्याच्या सकाळी तुम्ही धर्मराजला फोन करून तसं सांगितलंत. त्याने स्क्रू-ड्रायव्हर पूजेत आहे म्हणून उद्या आणायला सांगितलं. माझ्या हातून चहा बुधवारी सांडला. मग शेठना माझं नाव का गेलं?"

खिडकीबाहेर कुठल्यातरी कारखान्याची पाळी सुटल्याचा भोंगा झाला. खडू सरांच्या बोटांत मोडला. विपुल जमिनीकडे बघत होता. नामदेव मात्र सरळ क्षिप्राकडे बघत होता. त्या नजरेत कौतुक होतं, आणि थोडी भीतीही. ती भीती तिला दिसली. तिने ती लक्षात ठेवली, पण तिला वाईट वाटलं नाही.

सगळे पांगल्यावर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार स्वतः लावलं. समोरच्या खुर्चीकडे हात केला. ती बसली नाही.

"हे तुला मला इथे येऊन सांगता आलं असतं," ते म्हणाले. आवाज थकलेला होता. "दार बंद करून."

"तुम्ही माझं नाव दार उघडं ठेवून घेतलंत सर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "शेठनी तो देताना मला बजावलं होतं, याला काही झालं तर पुन्हा मागायचं नाही. नोकरीत माणसाला कधीकधी… तू लहान आहेस अजून." ती तशीच उभी राहिली तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे. सोमवारपासून मशीन तुझ्याकडे. विपुलला मी सांगतो. उमेदवारी वाढवली तीही रद्द. झालं समाधान?"

क्षिप्राने खरंच स्वतःला तपासून बघितलं. सोमवारी ती त्या काचेच्या खोलीत असणार होती. दहा दिवसांपूर्वी तिला एवढंच हवं होतं. पण मशिदबंदरच्या कचेरीत बसलेल्या शेठच्या डोक्यात ती अजूनही कप सांडणारी मुलगीच होती, आणि यंत्र, पगार, पुढच्या नोकरीची शिफारस हे सगळं शेवटी त्याच माणसाच्या सहीने व्हायचं होतं.

"नाही," ती म्हणाली. "शेठना फोन करा."

"सोमवारी करतो."

"शेठ शनिवारी सहापर्यंत असतात. मी थांबते."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. ती हलत नाही असं दिसल्यावर त्यांनी फोन ओढला आणि नंबर फिरवला. मध्येच एक आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून फिरवला. क्षिप्रा टेबलाच्या अगदी जवळ आली, पलीकडची घंटा ऐकू येईल इतक्या जवळ. तिकडे कोणीतरी उचललं.

"नमस्कार शेठ, राजाध्यक्ष बोलतोय महाप्याहून. लॅपटॉप झाला दुरुस्त, हो. त्याबद्दलच बोलायचं होतं." त्यांनी डोळे मिटले. "त्या दिवशी मी तुम्हाला जे सांगितलं, ते तसं नव्हतं. आमच्या क्षिप्रा खांबेटेची त्यात काही चूक नव्हती. नाही, दुसरं कोणी नाही. माझ्या हातून झालं. आणि ते मला आधीपासून माहीत होतं."

पलीकडून शेठचा आवाज चढलेला ऐकू यायला लागला. सरांनी रिसीव्हर कानापासून किंचित लांब धरला. क्षिप्राने मागची खुर्ची ओढून घेतली आणि ती आता सावकाश बसली.